ब्लॉक पारखूनच घ्या
(प्रभागसंघाच्या बैठकीतील मनोगत)

घरकुलाचे पैसे पुरत नाहीत, म्हणून आपण गटातून कर्ज काढतो. मी घाईत ब्लॉक घेतले. गाडीतून उतरवतानाच कितीतरी फुटले. तुमचं तसं होऊ नये.

हलका एएसी ब्लॉक पाण्यावर तरंगतो, पण तरंगला म्हणजे मजबूत, असं नाही. टेपने मापं घ्या. २४ बाय ८ बाय ४ इंची कोरडा ब्लॉक साधारण ७ ते ८ किलो भरतो. चार-पाच तोलून पाहा, फार फरक नको. कडा बोटाने चुरली, तडा दिसला, तर परत करा. गच्च ओले ब्लॉक नकोच. सुकताना भिंतीला भेगा पडतात. आयएस २१८५ भाग ३ प्रमाणे तपासणीचा कागद आणि पक्कं बिल मागा. मागायला लाजायचं कशाला? हप्ता आपल्यालाच फेडायचा आहे ना!