बाळंतपणाआधी माहेर विचारा



मजूर संघटनेतल्या माणसाने बाळंतपणावर बोलावे, याचे कुणाला नवल वाटेल. पण शहापूर-मुरबाडकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, त्यांत पोटुशी बायाही असतात. तेव्हा हा प्रश्न आमचाही आहे.

रक्त गोठण्यासाठी शरीरात काही घटक लागतात. त्यांतला आठवा किंवा नववा घटक जन्मतःच कमी असला, की त्या रोगाला हिमोफिलिया म्हणतात. तो दिसतो बहुधा मुलग्यांत. येतो मात्र पुष्कळदा आईकडून. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याचा संभव निम्मा, आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याचा संभवही निम्मा. आई धडधाकट दिसते, म्हणून कुणी चौकशी करीत नाही. पुढे पोर रक्ताने भिजले, की सुनेचा पायगुण निघतो! हा दोष पायगुणाचा नव्हे, रक्तातल्या घटकाचा आहे.

म्हणून आधी माहेर विचारा. भावाचे, मामाचे सांधे वारंवार सुजत होते काय? दात पडल्यावर रक्त थांबत नव्हते काय? बाईला पाळीत फार रक्त जाते काय? उत्तर ‘होय’ आले, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

गरोदरपणात आठवा घटक आपोआप वाढतो, नववा फारसा वाढत नाही. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत पुन्हा मोजणी करतात. तो शेकडा ५० च्या खाली राहिला, तर घटक देण्याची सोय असलेले रुग्णालय आधीच ठरवावे लागते. प्रसूतीत चिमटा किंवा व्हॅक्यूम लावणे टाळतात, कारण बाळाच्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. नाळेतले रक्त तपासून होईपर्यंत बाळाच्या स्नायूत सुई टोचत नाहीत. आणि बाळंतीण घरी आली म्हणजे धोका टळला असे नव्हे. वाढलेला घटक पुन्हा उतरतो, आणि काही दिवसांनीही रक्त जोराने जाऊ शकते. अशा बाईला लगेच भट्टीवर उभे करणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळ आहे.

या तपासण्यांसाठी परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ साली ती रक्तगटांचे केंद्र म्हणून सुरू झाली. आसनगावला लोकल तरी आहे. मुरबाडकराला आधी एस. टी.ने कल्याण गाठावे लागते. कळा सुरू झाल्यावर रात्री हा प्रवास होत नाही. तो आधीच, दिवसाउजेडी करावा.

तपासणीचा कागद बाईबरोबर भट्टीवर गेला पाहिजे. मुकादमाकडून मजुरीचा हिशेब आपण कागदावर मागतो. हा हिशेबही कागदावरच असू द्या.