रेघ कोणाची?

(न्यासाच्या महोत्सवी सभेत भावी शिक्षकांपुढे केलेले भाषण)





फळ्यावरची आकृती पुसली की गेली. संगणकावरची राहते आणि दूरवर जाते. इंकस्केप हे 2003 पासून विनामूल्य मिळणारे साधन घ्या. त्यात रेघ ठिपक्यांनी नव्हे, गणिताने साठविली जाते. म्हणून आकृती भिंतीएवढी केली तरी तिच्या कडा फाटत नाहीत. शिवाय थरावर थर ठेवता येतो. खानखानांच्या काळी, 1615 च्या सुमारास झालेला आपला कुंडी भंडारा मुलांना नुसता सांगून समजत नाही. पहिल्या थरात जमीन काढा, दुसऱ्यात कुंड्यांची ओळ, तिसऱ्यात त्यांना जोडणारे उताराचे भुयार, चौथ्यात सातपुड्याकडून झिरपत येणारे पाणी. एकेक थर उघडत गेलात, की पंपावाचून पाणी शहराकडे कसे येई, हे पाचवीच्या मुलालाही दिसते.

परंतु याच कामात माझ्या हातून एक चूक घडली, ती सांगितली पाहिजे. एके वर्षी मी इंटरनेटवरचे तयार चित्र घेतले, खालची सही कापली आणि तक्ता वर्गात लावला. एका मुलीने विचारले, “सर, हे तुम्ही काढलं?” मी ‘हो’ म्हटले नाही, पण ‘नाही’ असेही म्हटले नाही. पुढे तिनेच मैत्रिणीचे चित्र स्वतःच्या नावाने आणून दिले. तिला रागावण्याचा माझा अधिकार तेव्हा उरला नव्हता.

आपल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. मशीद बांधविणाऱ्या फारुकी राजाचे नाव, वंश आणि काळ तो सांगतो. दगडावर जे कोरता आले, ते तक्त्याखाली एका ओळीत लिहिणे आपल्याला जड का जावे?

आता तर दोन वाक्ये सांगितली की यंत्र चित्र काढून देते. ते देखणे असते. खरे असेलच असे नाही. यंत्र कुंडीपाशी उभे राहिलेले नाही, आपण राहू शकतो. म्हणून आधी जागा पाहा, मग पडताळा आणि चित्र यंत्राचे असेल तर तसे लिहा. मुलांचे फोटोही पालकांना विचारल्यावाचून कोठे पाठवू नका. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, हे तत्त्व 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आहे.

न्यास म्हणजे ठेव. आमच्या घरी तिला अमानत म्हणतात. दुसऱ्याची रेघ आणि दुसऱ्याचे मूल, दोन्ही आपल्या हाती अमानत आहेत. साधन महिन्याभरात शिकून होईल. ही जपणूक मात्र मुले आपल्याकडे पाहूनच शिकतील.