रानाचा कारभारी

बारावीचा निकाल लागला, कीं शहरांतील घराघरांत एकच खल सुरू होतो: मुलांनीं पुढें काय करावें? डॉक्टर, इंजिनियर, संगणक, बँक, स्पर्धापरीक्षा, एवढीं पांच नांवें आळीपाळीनें घेतलीं जातात आणि बहुतेक ठिकाणीं चर्चा तेथेंच संपते. अशा बैठकींत एखादी मुलगी ‘मला रान राखण्याचें काम करावयाचें आहे’ असें म्हणाली, तर वडील मंडळी प्रथम हंसतात. आणि ती थट्टा करीत नाहीं असें दिसलें म्हणजे काळजींत पडतात. रान राखणें हें गुराख्याचें, फार तर खाकी कपड्यांतील शिपायाचें काम, ही समजूत अद्याप पुसली गेलेली नाहीं. ती कितपत खरी आहे आणि या कामास काय काय लागतें, याचा विचार दूरदेशचीं उदाहरणें न घेतां नागपूर जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या आधारानें करतां येईल. तो तालुका म्हणजे भिवापूर.

नागपुराहून निघालेला प्रवासी उमरेड मागें टाकून पुढें आला, म्हणजे भिवापूर लागतें. हें गांव लोकांना ठाऊक आहे तें तिखट मिरचीमुळें. भिवापुरी मिरचीस भौगोलिक मानांकनहि मिळालेलें आहे. परंतु मिरचीच्या शेतांपलीकडे जें रान दिसतें, त्याची कीर्ति आतां मिरचीच्याहि पुढें गेली आहे. नागपूर जिल्ह्यांतील उमरेड, कुही व भिवापूर आणि भंडारा जिल्ह्यांतील पवनी, अशा चार तालुक्यांतील जंगल एकत्र करून 2012 सालीं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य स्थापन करण्यांत आलें. त्याचें क्षेत्र सुमारें 189 चौरस किलोमीटर. वाघाच्या हिशेबानें हें अंगण लहानच. पण त्याचें महत्त्व विस्तारांत नसून जागेंत आहे. एकीकडे ताडोबा, दुसरीकडे नवेगांव-नागझिरा, आणि मध्यें हें रान. एका मोठ्या जंगलांतून दुसऱ्यांत जाणाऱ्या वाघास तें वाटेवरील धर्मशाळेसारखें आहे.

या धर्मशाळेंत 2013 सालीं एक पाहुणा उतरला. नागझिऱ्यांत जन्मलेला हा तरुण वाघ गांवें, शेतें, रस्ते ओलांडीत येथवर आला. ‘शोले’ चित्रपटांतील एका नायकावरून त्याचें नांव जय असें पडलें होतें. त्याला पाहण्यासाठीं दूरदूरचे लोक येऊं लागले, गाड्यांना काम मिळालें, आसपासच्या गांवांतील तरुण वाटाडे झाले. त्याच्या गळ्यांत रेडिओ-पट्टाहि बांधण्यांत आला होता. तरी 2016 च्या एप्रिलांत तो नाहींसा झाला आणि पुष्कळ शोध करूनहि त्याचा पत्ता लागला नाहीं. पुढल्याच वर्षीं, 2017 च्या एप्रिलांत, त्याचा मुलगा श्रीनिवास शेजारच्या नागभीड तालुक्यांत शेताभोंवतींच्या तारेंत सोडलेल्या विजेच्या धक्क्यानें मेला. 2021 च्या आरंभीं याच अभयारण्यांत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले आढळले. विष घातलेल्या वासराचें मांस त्यांच्या पोटांत गेलें होतें.

या कथा नुसत्या हळहळ वाटण्यासाठीं नाहींत. त्यांत एक धडा आहे. तार लावणारा शेतकरी वाघाचा वैरी नव्हता. रानडुकरांपासून पीक वांचविण्यासाठीं अशा तारा लावल्या जातात. विष घालणाऱ्याच्या मनांत मेलेल्या जनावराचा राग असतो. वाघ एकदां मारलेल्या जनावराकडे पुन्हा खाण्यास परत येतो, हें गांवांतील प्रत्येकास ठाऊक असतें, आणि तेवढें ठाऊक असणें विषप्रयोगास पुरें होतें. म्हणजे वाघाचें भवितव्य रानांत जितकें ठरतें, तितकेंच तें शेताच्या बांधावर व शेतकऱ्याच्या गोठ्यांत ठरतें. तेव्हां रान राखणाऱ्यास झाडें व जनावरें ओळखतां आलीं तरी भागत नाहीं. त्यास माणसें ओळखावीं लागतात.

आजच्या भाषेंत या कामास संवर्धन-प्रकल्पाचें व्यवस्थापन म्हणतात आणि तें करणाऱ्यास प्रोजेक्ट मॅनेजर. जुन्या काळच्या लोकांस तो अधिक चांगला समजेल, तो कारभारी या नांवानें. वाड्याचा कारभारी जसा मालक, कुळें आणि सरकार या तिघांमध्यें उभा राहून जमाखर्च, पीकपाणी आणि तंटेबखेडे सांभाळी, तसाच हा रानाचा कारभारी वन्य प्राणी, ग्रामस्थ आणि पैसा पुरविणारें खातें किंवा संस्था यांच्यामध्यें उभा असतो. फरक एवढाच, कीं त्याच्या खऱ्या मालकास बोलतां येत नाहीं.

त्याच्या वर्षाचा क्रम पाहिला, म्हणजे कामाची कल्पना येते. हिंवाळा सरतां सरतां तो जाळरेषा काढण्याच्या मागें लागतो. वाळलेलें गवत ठराविक पट्ट्यांत कापून व जाळून टाकावयाचें, म्हणजे पुढें वणवा लागल्यास तो तेथें अडतो. मार्च-एप्रिलांत मोह फुलतो. पहांटेच्या अंधुक उजेडांत बायामुलें मोहफुलें वेंचण्यास रानांत शिरतात. फुलें नीट दिसावींत म्हणून झाडाखालचा पाला पेटविण्याची जुनी रीत आहे, आणि तीच पुष्कळ वणव्यांचें मूळ असते. वांकून फुलें वेंचणारें माणूस वाघास चौपायी भक्ष्यासारखें वाटण्याचाहि संभव असतो. येथें नुसता मज्जाव करणारा अधिकारी हरतो, कारण त्या फुलांवर घरचें मीठ-मिरची चालते. शहाणा कारभारी पाला न जाळतां झाडाखालीं जाळी पसरण्यास सांगतो, टोळीनें जा व उजाडल्यावर जा म्हणून पटवितो, आणि वाघाचा ताजा माग कोठें दिसला हें आदल्या सांजेस गांवांत कळवितो. मे महिन्यांत तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, तेव्हां हाच पाठ पुन्हा गिरवावा लागतो. त्याच सुमारास पाणवठे आटतात. मग सौर पंपानें पाणी भरावयाचें आणि त्या पाण्याभोंवतीं शिकारी फांसे लावीत नाहींत ना, हें पाहावयाचें.

पावसाळ्यांत पर्यटक थांबतात, पण गस्त थांबत नाहीं. शेतें उभीं राहतात आणि रानडुकरें व रोही यांची धाड सुरू होते. जनावर मेलें किंवा पीक गेलें, कीं पंचनामा करावयाचा आणि भरपाईचा कागद पुढें सरकवावयाचा. हा कागद टेबलावर पडून राहिला, तर त्याची किंमत एखादे वेळीं वाघास प्राणांनीं द्यावी लागते. म्हणून या धंद्यांत कारकुनी कामास कमी लेखणारा माणूस कुचकामाचा. तारांच्या प्रश्नासहि उपाय आहे. सौर कुंपणांत विजेचा अतिशय अल्पकाळ टिकणारा ठोका थांबून थांबून सोडलेला असतो. त्यानें जनावर दचकून मागें फिरतें, पण मरत नाहीं. त्यासाठीं शासनाच्या जन-वन विकास योजनेंतून साहाय्य मिळतें. मात्र तें कुंपण कोणास द्यावें, त्याखालचें गवत कोणीं कापावें, बॅटरी कोणीं राखावी, हें ग्रामसभेंतच ठरवावें लागतें. कुंपण उभारणें सोपें. तें तीन वर्षांनंतरहि चालू ठेवणें, ही कारभाऱ्याची परीक्षा.

हिंवाळ्यांत मोजणी येते. पूर्वीं पंजांच्या ठशांवरून वाघ मोजीत. 2006 पासून देशभर दर चार वर्षांनीं शास्त्रीय पद्धतीनें मोजणी होते. रानाचे चौकोन पाडून प्रत्येकांत समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. दोन अशासाठीं, कीं वाघाच्या डाव्या कुशीवरील पट्टे उजव्या कुशीशीं जुळत नाहींत आणि दोन्हीं बाजू पाहिल्यावांचून ओळख पटत नाहीं. महाराष्ट्रांत 2014 च्या गणनेंत 190 वाघ होते. 2022 च्या गणनेंत ते 444 भरले. हे आंकडे कागदावर सहज लिहिले जातात, पण त्यांच्यामागें पायपीट असते, आणि केव्हां केव्हां बलिदानहि. 2021 च्या नोव्हेंबरांत ताडोबांत याच गणनेपूर्वींच्या खुणा शोधीत पायीं फिरत असतां एक तरुण महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यांत मृत्युमुखीं पडली. मुलीस या कामास पाठविणाऱ्या आईबापांपासून ही गोष्ट लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल.

रानाच्या कारभाऱ्यास दुसरें एक संकट असतें, तें यशाचें. 31 डिसेंबर 2024 रोजीं गोठणगांवच्या बाजूस एक वाघीण आपल्या पांच बछड्यांसह रस्त्यावर आली असतां पर्यटकांच्या गाड्यांनीं दोन्हीं बाजूंनीं तिची वाट अडविली. तीं चित्रें सर्वत्र पसरलीं. वाटाडे व चालक यांच्यावर कारवाई झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन या प्रकाराची दखल घेतली. नियम मोडला, शिक्षा झाली, येथवर सर्व स्पष्ट आहे. पण ज्या तरुणाची रोजी बंद झाली, तो बहुधा रानालगतच्या गांवचाच. ज्याच्या घरीं वाघामुळें चूल पेटूं लागली, त्याच्याच हातून वाघिणीची वाट अडली. आणि गाडींत बसून ‘आणखी थोडें जवळ घ्या’ म्हणणारा शहरांतील गृहस्थ मात्र घरीं जाऊन चित्रें दाखवीत बसतो. दोष सगळा वाटाड्याच्या माथीं मारून मोकळें होणें सोपें आहे. कारभाऱ्यानें दोघांनाहि शिकवावयाचें असतें. त्यांतल्या त्यांत कठीण विद्यार्थी कोण, हें सुज्ञांस सांगावयास नको.

रान राखण्याचें काम केवळ रानांतच होतें असेंहि नाहीं. भिवापुरावरून जाणारी नागपूर-नागभीड ही अरुंद रुळांची गाडी रुंदीकरणासाठीं 2019 सालीं बंद झाली. लोकांस मोठी गाडी हवी, आणि ती मिळणें न्याय्यच आहे. पण वेगवान गाडी व वाघांची वाट यांचा मेळ कोणी तरी घालावा लागतो. असा मेळ बसतो, याचा पुरावा पेंचच्या रानांत आहे. तेथें राष्ट्रीय महामार्ग 44 खालून जनावरांस जाण्यासाठीं 50 मीटरांपासून 750 मीटरांपर्यंत रुंदीच्या वाटा ठेवल्या, आणि वाघ, रानकुत्रे, हरणें त्यांतून ये-जा करतांना कॅमेऱ्यांत दिसलीं. हें स्थापत्य-इंजिनियर आणि प्राणिशास्त्रज्ञ यांनीं एकत्र बसून केलेलें काम आहे. म्हणजे घरांत इंजिनियर व्हावें कीं रान राखावें, हा वादच पुष्कळदां खोटा असतो. नकाशे काढणारा, आंकडेशास्त्र जाणणारा, कायदा शिकलेला, पशुवैद्यक, हिशेबनीस, या सर्वांची रानास गरज आहे.

आतां वाटांविषयीं. सरकारी वाट तीन पायऱ्यांची. वनरक्षकाची भरती राज्याचें वनखातें करतें. वनपरिक्षेत्र अधिकारी राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेनें निवडले जातात. भारतीय वनसेवेची निवड संघ लोकसेवा आयोग करतो, आणि त्यांत पुरुषांस चार तासांत 25 व स्त्रियांस 14 किलोमीटर चालून दाखवावें लागतें. वनविद्येची पदवी अकोला व दापोली येथील कृषि विद्यापीठांत मिळते. वन्यजीवशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठीं डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, जी 1982 सालीं स्थापन झाली, तिचें नांव प्रथम घ्यावें लागेल. बिनसरकारी संस्थांत सर्वांत जुन्यांपैकीं एक म्हणजे 1883 सालीं निघालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. तिसरी वाट गांवांतूनच निघते: गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवास 2009 सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, आणि सुमारें 1,800 हेक्टर रानाचा कारभार ग्रामसभा पाहूं लागली. तेथें कारभारी एक माणूस नाहीं. सारें गांवच कारभारी आहे.

पदवीचें महत्त्व आहे, पण तें किती, हें दोन थोर पुरुषांच्या चरित्रांवरून कळतें. सालिम अली यांच्यापाशीं विद्यापीठाची पदवी नव्हती. जर्मनींत पक्षिशास्त्राचें शिक्षण घेऊन ते परतले, तों त्यांची नोकरीच राहिली नव्हती. तेव्हां अलिबागजवळ किहीम येथें राहून 1930 सालीं त्यांनीं सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचें जें निरीक्षण केलें, त्यानेंच त्यांचें नांव झालें. दुसरे मारुती चितमपल्ली. सोलापुरांत जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याची सारी हयात नवेगांव, नागझिरा, मेळघाट अशा रानांत गेली. तेथील आदिवासींकडून ते पांखरांचीं व झाडांचीं नांवें शिकले आणि तीं त्यांनीं मराठी भाषेच्या पदरांत घातलीं. 2006 सालीं सोलापूरच्याच साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. 2025 सालीं पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत ते निवर्तले. साहेबी टेबलाशीं बसून हें साधलें नसतें.

या धंद्याची उणी बाजूहि सांगितली पाहिजे. संस्थांतील पुष्कळ जागा दोन-तीन वर्षांच्या कराराच्या असतात. देणगी संपली, कीं नोकरीहि संपते. वेतन बेताचें. ठाणें आडगांवीं, मुलांची शाळा दूर. आणि सर्वांत जड गोष्ट अशी, कीं यश दिसत नाहीं. जो वाघ विषानें मेला नाहीं, जो वणवा पेटलाच नाहीं, जो शेतकरी तार लावतां लावतां थांबला, त्यांची बातमी कोणी छापीत नाहीं. हें पोटांत घालून काम करणारा माणूसच येथें टिकतो.

म्हणून घरांतील मुलगी पुन्हा तो विषय काढील, तेव्हां तिला हंसण्यापूर्वीं एक साधी परीक्षा घ्यावी. तिला उन्हाळ्याच्या सुटींत एखाद्या रानालगतच्या गांवीं महिनाभर राहूं द्यावें. मोह वेंचणाऱ्या बायांबरोबर पहांटे उठूं द्यावें, ग्रामसभेंत मागें बसून भांडणें ऐकूं द्यावीं, पंचनाम्याचा कागद स्वतःच्या हातानें लिहूं द्यावा. त्या महिन्यांत वाघ दिसला नाहीं तरीहि तिचें मन तेथें रमलें, तर आईबापांनीं आपली काळजी बाजूस ठेवून तिला खुशाल जाऊं द्यावें. शहरांतील नळास येणारें पाणी याच रानांच्या ओंजळींतून येतें. तें रान राखणाऱ्यांत आपल्याहि घरचें एक माणूस असावें, यांत कमीपणा कसला?