बुटात बोळा नको

आम्ही शिरूर अनंतपाळच्या बचत गटातल्या बाया. आमच्यातल्या कितीतरी जणी बांधकामावर जातात, त्याही साध्या चपलेवर. गेल्या उन्हाळ्यात एकीच्या पायावर दगड पडला. अंगठा मोडला, दीड महिना रोजी बुडाली. तिचा हप्ता आम्ही सगळ्यांनी मिळून भरला. तेव्हाच ठरवलं, बूट घ्यायचे.

आधी चुकलोच. घरच्या माणसांचे जुने बूट घातले, पुढं चिंध्यांचा बोळा कोंबला. पाय आत घसरायचा, शिडीवर तोल जायचा.

आता आम्ही बुटावर आयएसआयची खूण आणि 'आयएस १५२९८ भाग २' बघतो. त्यातली पोलादी वाटी २०० ज्यूलचा मार झेलते, म्हणजे वीस किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडावं तेवढा. भाग ४ च्या बुटाला ही वाटी नसते.

बूट संध्याकाळी घ्या, पाय फुगलेले असतात. मोजे घालून दुकानातच उकिडवं बसा. वाटी बोटांना रुतली तर ठेवून द्या. आपलंच माप मागा, लाजू नका. एकदा जड वस्तू पडली की बूट बदला; दबलेली वाटी वरून दिसत नाही.

वर्षात ९० दिवस बांधकाम केलं असेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. मंडळाच्या सुरक्षा संचात बूट असतात. तिथंही माप सांगा.

चपलेच्या पैशात बूट येत नाहीत, खरंय. पण दीड महिन्याची रोजी बुडण्यापेक्षा ते स्वस्तच.