भिडे वाड्यातील शाळा



पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपती मंदिरासमोर तात्यासाहेब भिडे यांचा वाडा होता. तो शाळेसाठी बांधलेला नव्हता. तथापि महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास या वाड्याला वगळून लिहिता येत नाही. १८४८ साली जोतीराव फुले यांनी येथेच मुलींची शाळा काढली. त्या वेळी जोतीराव एकवीस वर्षांचे, तर तेथे शिकविणाऱ्या सावित्रीबाई अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या.

त्या काळी मुलींच्या शाळेस जागा देणे म्हणजे लोकांचा रोष ओढवून घेणे होते. तात्यासाहेबांनी तो पत्करला. जोतीराव-सावित्रीबाईंना तर १८४९ मध्ये वडिलांचे घर सोडावे लागले आणि शाळेच्या कार्यात खंड पडला. परंतु ३ जुलै १८५१ रोजी त्याच पेठेतील अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा पुन्हा सुरू झाली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी.

वाड्याच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ उपेक्षाच आली. तेथे दुकाने थाटली गेली, इमारत जीर्ण झाली. स्मारकाचा प्रश्न अनेक वर्षे न्यायालयात राहिला. निकाल लागल्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो मोडकळीस आलेला वाडा पाडण्यात आला. मूळ भिंती जतन करण्याची वेळ तोवर निघून गेली होती.

साताऱ्याचे उदाहरण याहून वेगळे आहे. तेथे जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या बालकाचे नाव दाखल झाले. नोंदवहीचे ते पान जपले गेले. म्हणूनच २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

गावोगावच्या जुन्या शाळांनाही असाच इतिहास आहे. शाळेला जमीन कोणी दिली, पहिले गुरुजी कोण, पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली, हे सांगू शकणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. जनरल रजिस्टरची जुनी पाने वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडत आहेत. छप्पर दुरुस्तीस निधी लागतो, त्यास विलंबही होतो. परंतु जुनी नोंदवही कोरड्या कपाटात ठेवणे आणि गावातील वृद्धांकडून शाळेची माहिती लिहून घेणे, यास कोणत्याही मंजुरीची आवश्यकता नाही. शिक्षक आणि पंचायत सदस्यांनी मनावर घेतल्यास इमारत उभी असतानाच हे काम पूर्ण होऊ शकेल.