नेमलेली प्रतिनिधी

(महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



2009-10 साली, एस.वाय.ला असताना, मी आमच्या तालुक्याच्या कॉलेजात विद्यार्थी मंडळाची सचिव झाले. कशी झाले हे आधी सांगते, कारण पुढचे सगळे त्यातून निघते.

1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. निवडणुकांमधली मारामारी, पैसा यांची तेव्हा खूप चर्चा झाली. पुढे 1994 चा महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला आणि थेट मतदान गेले. प्रत्येक वर्गातून आदल्या परीक्षेत पुढे असलेला विद्यार्थी मंडळावर घ्यायचा. खेळ, सांस्कृतिक, एन.सी.सी., एन.एस.एस. यांचे एकेक आणि दोन मुली प्राचार्यांनी नेमायच्या. अध्यक्ष प्राचार्यच. मी वर्गात पहिली होते म्हणून मंडळावर गेले आणि तिथल्या पंधरावीस जणांनी मला सचिव केले. कॉलेजातल्या हजारभर मुलामुलींपैकी बाकी कोणी मला मत दिलेले नव्हते. घरून परवानगी मिळाली तीही त्यामुळेच. निवडणूक असती तर आईने पाठवलेच नसते. गुंडगिरी नको हे खरेच; पण गुंडांबरोबर मतपेटीही गेली, याचे दुःख कोणाला झालेले मला दिसले नाही.

काम काय होते? गॅदरिंग, रांगोळी स्पर्धा, पाहुण्यांचे स्वागत. ओवाळणीचे ताट कायम आम्हा मुलींच्या हातात आणि मांडववाल्याशी बोलणी मुलांकडे. याला भाषणांतून 'सेवा' म्हणत.

लेडीज रूममध्ये मात्र वेगळेच बोलणे चाले. दहावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास मोफत होता. त्यापुढे विद्यार्थी सवलतीतही भाड्याचा एक तृतीयांश भरावा लागे. घरात भाऊही शिकत असेल तर पास कोणाचा निघायचा हे तुम्हाला सांगायला नको. त्यात प्रॅक्टिकल पाचला सुटे, गाडी साडेचारला, नंतरची सातला. बारावी सायन्स झालेल्या मुली बी.ए.ला का येतात, याचे उत्तर त्या वेळापत्रकात होते! मी एक वही केली. गाव, गाडी, घरी पोचायची वेळ. अकरा गावांच्या चाळीसेक मुली निघाल्या. त्यांतली एकही मंडळावर नव्हती. पहिल्या येणाऱ्या आम्ही सगळ्या गावातल्या, घरी अभ्यासाला टेबल असलेल्या.

वही मंडळाच्या बैठकीत ठेवली. उत्तर आले, हा मंडळाचा विषय नाही. मग सह्या घेऊन आम्ही सहाजणी आगार व्यवस्थापकांकडे गेलो. ते नीट बोलले. म्हणाले, कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज आणा. ते लेटरहेड वर्षभरात मिळाले नाही. वनस्पतीशास्त्राच्या एका मॅडमनी वही पाहिली आणि मुलींचे प्रॅक्टिकल सकाळी घेतले. बाकीच्या विभागांत काही बदलले नाही. गाडी तर माझ्या काळात सुरू झालीच नाही.

एम.एस.डब्ल्यू. करताना नेतृत्वावर पुष्कळ वाचले. मला मात्र एकच प्रश्न पडत राहिला: त्या चाळीस मुलींची मते मागायला आम्हाला त्यांच्या गावी जावे लागले असते तर 'हा विषय नाही' असे इतक्या सहज म्हणता आले असते का?

2016 च्या विद्यापीठ कायद्याने मतदान पुन्हा आणले. कलम 99 मध्ये अध्यक्ष, सचिव यांच्यासोबत एक महिला प्रतिनिधी आणि एक मागास प्रवर्गातील प्रतिनिधी निवडून द्यायचा आहे. 2019 मध्ये निवडणुका जाहीर झाल्या, पुढे ढकलल्या गेल्या, पाठोपाठ कोविड आला. दुसरी जागा अंतर्गत तक्रार समितीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांनुसार प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत तीन विद्यार्थी हवेत, तेही निवडून आलेले. बाहेरची सदस्य म्हणून मी अशा समित्यांवर बसते. विद्यार्थी कोण, असे विचारले की बहुधा एखादी हुशार, शांत मुलगी बोलावून आणतात. ती कशी निवडली, हे तिलाच ठाऊक नसते. छळ झालेली मुलगी तिच्याकडे कशाला येईल?

आता गटचर्चेला बसाल तेव्हा आपापल्या कॉलेजच्या समितीतील विद्यार्थ्यांची नावे कागदावर लिहा. ज्यांना आठवणार नाहीत त्यांनी कागद कोरा द्या, तोही मला हवा आहे.