खेळातले पोरके पिल्लू
(मंडळाच्या वर्धापनदिनी कशेळी येथे केलेले भाषण)



मुले खेळापायी वेळ दवडतात, अशी आपणा सर्वांची तक्रार असते. माझीही होती.

माझा नातू पोकेमॉन खेळतो. १९९६ साली जपानात निघालेल्या या व्हिडिओ गेममध्ये चित्रविचित्र प्राणी पकडून जमवावयाचे असतात. त्यांत क्यूबोन नावाचे एक पिल्लू आहे. मेलेल्या आईची कवटी डोक्यावर घालून ते रडत असते. खेळणाऱ्या पुष्कळांनी त्यावर आपलीच एक कथा रचली आहे. कांगास्कान नावाची मादी पोटाच्या पिशवीत पिल्लू बाळगते. ती मेली, की तेच पिल्लू क्यूबोन होते!

मी म्हटले, "अरे, पण खेळात त्याची आई मारोवाक असते, असे तूच सांगितलेस ना?"

तो म्हणाला, "हो आजी. पण या गोष्टीत ते आधी आईच्या पिशवीत होतं."

माझी सून जाऊन दोन वर्षे झाली. तोवर पोराने आईविषयी माझ्यापाशी अवाक्षर काढले नव्हते. त्या रात्री आम्ही दोघे उशिरापर्यंत तिच्याविषयी बोलत बसलो.

भगिनींनो, आपल्या आयाबायांनीही जात्यावर सीतेच्या ओव्या गाताना पोथीत नसलेले दुःख पदरचे घातलेच की! तेव्हा मुलाच्या हातून खेळ काढून घेण्यापूर्वी एकदा त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, "हा कोण रे?"